उडीचे माप : वानरसभा, मोक्षपट आणि वीस पैलूंचा फासा

वाल्मीकी रामायणाच्या किष्किंधाकांडात शेवटाकडे एक सभा आहे. सीता लंकेत आहे आणि लंका १०० योजने दूर आहे, हे संपातीकडून कळले आहे. समोर समुद्र पसरलेला आहे. अंगद विचारतो, हा कोण ओलांडेल? मग एकेक वानर उठून आपला आकडा सांगतो. गज म्हणतो दहा योजने, गवाक्ष म्हणतो वीस. असे दहादहाने चढत मैंद साठावर, द्विविद सत्तरावर, सुषेण ऐंशीवर आणि म्हातारा जांबवान नव्वदावर येतो. अंगद म्हणतो, मी शंभर जाईन, पण परत येईन की नाही याची खात्री नाही.

कथेकरी हा भाग भराभर आटोपतात, कारण श्रोत्यांना हनुमंताचे उड्डाण हवे असते. मीही अनेक वर्षे तो तसाच वाचला. गेल्या दिवाळीत मात्र एका अगदी वेगळ्या ठिकाणी मला ही सभा पुन्हा भेटली, आणि या लेखाचा विषय तिथून निघाला.

माझा पुतण्या नागपुरात शिकतो. सुटीत तो तीन मित्रांना घेऊन नरखेडला आला होता. चौघे आमच्या ओसरीवर कागद, पेन्सिली आणि वीस पैलूंचे फासे मांडून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ खेळत होते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला हा खेळ. त्यात जिंकणे-हरणे नसते. एक जण सूत्रधार होतो आणि जग रंगवतो, बाकीचे त्या जगातले एकेक पात्र चालवतात. ‘मी दार उघडतो’, ‘मी त्याला थांबवतो’, असे बोलत बोलत गोष्ट पुढे जाते. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो आणि त्यावर त्याचे बळ, चपळाई, बुद्धी वगैरे गुण आकड्यांत लिहिलेले असतात. तीन साध्या फाशांच्या बेरजेवरून हे आकडे ठरवण्याची जुनी पद्धत आहे, म्हणून ते तीन ते अठरा असे असतात. साध्या माणसाला पुढे वीसपर्यंत वाढता येते.

त्या दिवशी पात्रांच्या वाटेत पंधरा फूट रुंद दरी आली, आणि ओसरीवर अर्धा तास वाद चालला. मी बाजूला बसून ऐकत होतो. एवढ्याशा उडीसाठी पुस्तकात नियम आहे हे ऐकून मला प्रथम हसू आले. नंतर मी तो नियम वाचला, आणि मग त्याआधीचेही.

खेळाच्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत नियम असा आहे. दहा फूट धाव घेऊन उडी मारली, तर पात्राच्या बळाचा जो आकडा तितके फूट ते पात्र पार जाते. जागेवरून मारली तर त्याच्या निम्मे. बळ अठरा असेल तर धावून अठरा फूट, जागेवरून नऊ. फासा टाकायचा नाही. आमच्याकडे संत्र्याची झाडे साधारण अठरा ते वीस फुटांवर लावतात. म्हणजे अठरा बळाचा वीर एका झाडाच्या बुंध्यापासून जेमतेम दुसऱ्याच्या बुंध्यापर्यंत पोचेल. सहा सेकंदांच्या एका पाळीत माणूस तीस फूट चालतो असे धरतात, आणि उडीचे फूटही त्याच तिसांतून वजा होतात. दहा धाव आणि अठरा उडी झाली की हाती दोन फूट उरतात.

वास्तवाच्या कसोटीला हा नियम उतरत नाही. वीस बळाचा माणूस म्हणजे या जगातला बलाढ्य वीर, आणि त्याची उडी वीस फूट, म्हणजे जेमतेम ६.१ मीटर. आपल्या अंजू बॉबी जॉर्जने २००४ साली अथेन्सला ६.८३ मीटर उडी मारली, म्हणजे बावीस फुटांहून अधिक. माइक पॉवेलचा १९९१ सालचा ८.९५ मीटरचा विक्रम एकोणतीस फुटांच्या पुढे जातो. शिवाय लांब उडी मुख्यतः धावण्याच्या वेगावर असते आणि खेळाडू चाळीसेक मीटर धावत येतो. इथे दहा फुटांत काम भागते, आणि वेगाचा हिशेबच नाही.

पण ही तुलना मला अन्यायाची वाटते. विक्रम म्हणजे आयुष्यात एकदा साधलेली उडी. नियमातली उडी ही त्या पात्राला केव्हाही, अंधारात, पाठीवर ओझे असताना, न चुकता जमणारी उडी आहे. ‘मला इतके नक्की जमते’ असे तो आकडा सांगतो. गज जेव्हा दहा योजने म्हणतो तेव्हा तोही हेच सांगत असतो. योजन म्हणजे चार कोस धरले तर गजाची सर्वांत छोटी उडीही नरखेडहून निघून नागपूरच्या पुढे पडेल. तेव्हा दोन्हीकडचे आकडे भूगोलाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. ते एकमेकांशी ताडायचे आकडे आहेत. कोण कुठवर, एवढेच ते सांगतात.

हा नियम नेहमी असा नव्हता. २००३ साली आलेल्या साडेतीनव्या आवृत्तीत उडी फाशावर होती. जितके फूट पार करायचे तितका आकडा गाठावा लागे. फाशावर पडेल ते दान, अधिक पात्राचे कसब. धाव नसेल तर लक्ष्य दुप्पट. कसबाचे आठ मिळणाऱ्या योद्ध्याला अठरा फूट जायचे तर फाशावर दहा किंवा अधिक हवे, म्हणजे शंभरात पंचावन्न वेळा तो पार जाणार. थोडक्यात हुकला तर पलीकडची कड पकडण्याची एक संधी. अंगावरचे चिलखत जड असेल तर आकडा खाली येई, आणि पाय वेगवान असतील तर वर जाई. वास्तवाची चाड या नियमाला जास्त होती. पण तोच योद्धा तीच दरी सकाळी पार करी आणि संध्याकाळी तिच्यात पडे.

एकाच उडीकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आपल्याला नव्या नाहीत. दैव मोठे की पुरुषार्थ, हा वाद आपल्याकडे पुरातन आहे. २००३ चा नियम दैवाला वाटा देतो. २०१४ चा नियम म्हणतो, तू जो आहेस तितके तुला मिळेल. तरी तिथेही दैवाला एक फट ठेवलेली आहे. बळाच्या आकड्यापलीकडे उडी मारायची असेल तर सूत्रधार फासा टाकायला सांगू शकतो, पण किती फुटांना किती दान हे पुस्तक सांगत नाही. ते त्या मंडळीने ठरवायचे. तिसरी दृष्टी वरदानाची. उडीचा मंत्र २०१४ साली पात्राची स्वतःची उडी तिप्पट करी, म्हणजे अठराचे चोपन्न होत आणि आठाचे चोवीस. २०२४ च्या सुधारित पुस्तकात तोच मंत्र ज्याच्यावर पडेल त्याला सरसकट तीस फूट उडी देतो. बलवान असो की दुबळा, दोघेही तीस. हिशेब सोपा झाला, पण वरदान घेणारा कोण हा प्रश्न त्यातून निघून गेला. मला ही सुधारणा पसंत नाही. हनुमंताला मिळालेली वरदानेही वायुपुत्राला मिळालेली होती.

उड्यांचा आपला मराठी पट म्हणजे मोक्षपट. त्याचे कर्तृत्व परंपरा ज्ञानेश्वरांकडे देते. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाते, दुर्गुणाच्या घरातून साप खाली आणतो. तिथे उडीची लांबी घरावर ठरलेली असते. दयेच्या घरात आलेला कुणीही असो, शिडी तितकीच. खेळणाऱ्याच्या अंगी काय आहे हे पट विचारत नाही, कारण सोंगटीला स्वतःचा गुण नसतो. गुण पटावर लिहिलेले असतात आणि कवड्या तिला तिथे नेतात. ओसरीवरच्या खेळात गुण पटावरून उचलून सोंगटीच्या अंगात घातले आहेत. माझ्या मते दोन खेळांतला खरा फरक हा आहे, आणि सोंगटीचे पात्र होते ते इथे.

कुणी म्हणेल, याचा साहित्याशी काय संबंध? आकडे आले की कल्पना पंगू होते, असा एक समज आपल्या समीक्षेत आहे. कीर्तनकार बुवा उड्डाणाचे आख्यान लावतात तेव्हा समुद्र त्यांच्या मनाप्रमाणे रुंद होतो. श्रोते माना डोलावतात, कुणी हरकत घेत नाही. ते योग्यच आहे, कारण त्या रात्री गोष्ट बुवांची असते. ग्रंथातही तसेच. नाथांनी भावार्थ रामायण लिहिताना आणि त्यांच्यामागे गावबाने ते पुरे करताना कुणाला फूट मोजून दाखवण्याची गरज नव्हती. पण गोष्टीचे मालक चार-पाच असतील तर? एकाला दरी भीषण हवी, दुसऱ्याला ती आत्ता ओलांडायची आहे. दोघांचे खरे मानायचे तर मधे एक माप लागते. माप कल्पनेला अडवत नाही. माझी कल्पना तुझ्या कल्पनेवर चढून बसू नये, एवढेच ते पाहते.

याच नजरेने वानरसभा पुन्हा वाचावी. वाल्मीकींनी आकडे नेमके इथे का दिले? मला वाटते, कारण इथे एकाने नव्हे तर मंडळीने ठरवायचे आहे. प्रत्येक जण उठून आपली कमतरता चारचौघांत सांगतो. दहावाला वीसवाल्यासमोर लाजत नाही. जांबवान तारुण्यातला पराक्रम सांगतो आणि लगेच आजचे नव्वदच सांगतो. जो काहीच बोलत नाही, एका बाजूला बसून राहतो, तो हनुमान. त्याचा आकडा त्याने सांगितलेला नाही. जांबवानाला तो आठवून द्यावा लागतो.

आकड्यांची ही शिडी सुंदरकांडात पुन्हा येते. सुरसा वाटेत तोंड पसरते. हनुमान दहा योजने वाढतो, ती वीस होते. तो तीस, ती चाळीस, असे करत ती शंभरावर पोचते. तेव्हा तो अंगठ्याएवढा होऊन तिच्या तोंडात शिरतो आणि बाहेर येतो. आकड्यांचा खेळ आधी मांडलेला होता, म्हणून तो मोडण्याची गंमत कळते. माप नसते तर लहान होण्याला किंमतच उरली नसती.

आता ओसरीवरच्या पंधरा फुटांच्या दरीकडे येतो. योद्ध्याचे बळ सतरा होते, त्याला उडी सहज शक्य होती. दुसऱ्याचे बारा. मांत्रिकाचे बळ आठ, आणि उडीचा मंत्र त्याच्यापाशी नव्हता. योद्धा चालवणारा मुलगा उठून उभाच राहिला, ‘मी जातो’ म्हणाला. तोवर मी मनात एक आक्षेप तयार ठेवला होता. या नियमात अंगदाचा प्रश्न नाही. जाणे मोजले आहे, येणे मोजलेले नाही. हाच आक्षेप लिहून लेख संपवावा असे माझ्या मनात होते.

तेवढ्यात मांत्रिक चालवणाऱ्या मुलाने सूत्रधाराला विचारले, ‘पलीकडं जागा किती आहे?’ सूत्रधार म्हणाला, तीन फुटांची कड आहे, मागे सरळ भिंत. मुलगा योद्ध्याला म्हणाला, ‘मग तू वापस कसा येशील? धावाले जागा कुठं आहे?’ धावेशिवाय उडी निम्मी. सतराचे आठ. पलीकडे गेलेला योद्धा तिथेच अडकणार होता.

माझा आक्षेप तिथे गळून पडला. अंगदाचा प्रश्न नियमात होता, दहा फुटांच्या धावेत दडलेला. येणे हे जाण्याच्या बरोबरीचे नसते, कारण पलीकडची जमीन आपली नसते. अंगदाच्या शंकेचे कारण वाल्मीकी देत नाहीत. टीकाकारांनी ते आपापल्या परीने शोधले आहे. मी त्यांच्या पंक्तीत बसणार नाही. एवढेच नोंदवतो की तो प्रश्न ज्याने विचारला त्याची स्वतःची उडी आठ फुटांची होती. ज्याला उडी मारता येते त्याला तो सुचला नव्हता.

पुढे मुलांनी सामानाच्या यादीतला पन्नास फुटांचा दोर काढला. एक टोक अलीकडे झाडाला, दुसरे कमरेला बांधून योद्धा गेला. त्याने दोर पलीकडे घट्ट केला आणि बाकीचे त्यावरून हळूहळू गेले. रामायणातही हनुमंताच्या उडीने सैन्य पार झाले नाही. त्यासाठी नळाने सेतू बांधला, आणि तिथे वाल्मीकी पुन्हा आकडे देतात. पहिल्या दिवशी १४ योजने, मग २०, २१, २२ आणि पाचव्या दिवशी २३. बेरीज शंभर. गजाला जी दहाच योजने उडता येत होती, तोही त्या शंभरांवरून चालत गेला असणार.

रात्री मुलांनी कागद आवरले. योद्ध्याच्या कागदावर सामानाच्या यादीत दोरापुढचे ‘५० फूट’ खोडून तिथे ‘दरीवर बांधलेला’ असे लिहिलेले होते. परतीसाठी त्यांनी तो तिथेच सोडला होता.