पिल्लू आणि बंदूक : वॉलेसचं बोर्निओ आणि आजचा ‘जबाबदार’ प्रवासी

मंडळी, ‘जबाबदार’ हा शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला. जबाब देतो तो जबाबदार. संस्कृत वळणाचं ‘उत्तरदायित्व’ घेतलं तरी अर्थ तोच. आता जबाब द्यायचा म्हणजे आधी कुणीतरी विचारायला हवं. कोर्टात वकील विचारतो, वर्गात मास्तर विचारतात. वर्षावनात कोण विचारणार? ‘जबाबदार वन्यजीव पर्यटन’ हे शब्द बोर्निओ-सुमात्राच्या सहलींच्या माहितीपत्रकांवर छापलेले असतात आणि हल्ली आपल्याकडचे लोकही त्या सहलींना जातात. म्हणून त्या शब्दाची थोडी झडती घ्यावी असं आम्ही ठरवलं. त्यासाठी एक जुनं पुस्तक हाताशी धरणार आहोत, आल्फ्रेड रसेल वॉलेसचं ‘द मलाय आर्किपेलागो’. ते १८६९ साली प्रसिद्ध झालं आणि डार्विनला अर्पण केलेलं आहे. त्याच्या उपशीर्षकातच ओरांगउटान आहे आणि बर्ड ऑफ पॅरडाइज आहे. (आपल्याकडचा स्वर्गीय नर्तक तो हा नव्हे, बरं का.) आजच्या माहितीपत्रकाचं मुखपृष्ठच म्हणा ना.

वॉलेस त्या बेटांवर १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षं हिंडला. तो श्रीमंत नव्हता. पक्षी, कीटक, सस्तन प्राणी मारायचे, पेंढा भरून किंवा टाचून लंडनला पाठवायचे, तिथे त्याचा एजंट ते विकणार, आणि त्या पैशात पुढचा प्रवास. असे सव्वा लाखाच्या वर नमुने त्याने आणि त्याच्या माणसांनी गोळा केले. तेव्हा हा निसर्गप्रेमी होता की शिकारी, असा प्रश्न आपण विचारतो. त्याला तो पडलाच नसता. दोन्ही एकच होतं.

या पुस्तकात ओरांगउटानवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. १८५५ साली सारावाकमध्ये सिमुंजोनच्या कोळशाच्या खाणीजवळ वॉलेसचा मुक्काम होता. तिथल्या दायाक लोकांच्या भाषेत या प्राण्याला ‘मियास’ म्हणतात. वॉलेस एकामागून एक मियास मारतो, मोजतो, सोलतो. वर्णन अगदी कोरडं आहे. गोळी कुठे लागली, किती वेळ झाडावर तग धरला, हातांचा पसारा किती इंच. मग एक मादी पडते. तिचं पिल्लू खाली चिखलात पालथं पडलेलं सापडतं. दातही न आलेलं, फूटभर लांबीचं. तो ते उचलून घरी नेऊ लागतो तर ते त्याची दाढी इतकी घट्ट धरतं की सोडवता सोडवत नाही.

पुढची पानं वाचणाऱ्याला हलवून टाकतात. दूध मिळत नाही, म्हणून वॉलेस बाटलीला पिसाची नळी लावून त्याला तांदळाची पेज पाजतो. त्याला आंघोळ घालतो, केस विंचरतो. ते पिल्लाला फार आवडतं. पिल्लाला सतत काहीतरी धरून राहायचं असतं, म्हणून तो म्हशीच्या कातड्याची एक खोटी आई करतो. पिल्लू तिला बिलगतं, दूध शोधतं, तोंडात केस येतात, ठसका लागतो. शेवटी ती खोटी आई काढून टाकावी लागते. सोबतीला एक छोटं माकड आणून देतो. जवळपास तीन महिने हा संसार चालतो. मग पिल्लू तापाने मरतं. वॉलेसला वाईट वाटतं, तसं तो लिहितो. आणि मग तो त्याचीही कातडी आणि सांगाडा जपून ठेवतो. सांगाडा साफ करताना त्याच्या लक्षात येतं की झाडावरून पडताना पिल्लाचा एक हात आणि एक पाय मोडला होता आणि ती हाडं आपोआप जुळूनही आली होती. तीन महिने त्याला अंगावर घेऊन हे कळलं नव्हतं.

आता इथे थोडं तत्त्वज्ञान येऊ द्या, त्याशिवाय आमचं पेन्शन हलाल होत नाही. कांटचं म्हणणं असं की प्राण्यांशी आपण क्रूर वागू नये, कारण प्राण्यांशी क्रूर वागणारा पुढे माणसांशीही तसाच वागतो. म्हणजे कर्तव्य प्राण्याबद्दलचं आहे, प्राण्याप्रति नाही. विचारणारा शेवटी माणूसच. हान्स योनासने १९७९ साली जबाबदारीवर जे पुस्तक लिहिलं त्यात हा हिशेब उलटला. तो म्हणतो, जबाबदारीचा मूळ नमुना करार नव्हे, तान्हं मूल आहे. मूल काही मागू शकत नाही, परतफेड करू शकत नाही. ते नुसतं श्वास घेत पडलेलं असतं आणि त्या श्वासातच ‘मला जगव’ हा आदेश असतो. विचारणारा बोललाच पाहिजे असं नाही. वॉलेसची दाढी धरणारं पिल्लू हेच विचारत होतं, आणि पेजेची बाटली हा वॉलेसचा जबाब होता. इथवर योनास बरोबर आहे.

पण या चित्रात एक गोष्ट योनासच्या हातून निसटते असं आम्हाला वाटतं. पिल्लू पोरकं कुणी केलं? बंदूक आणि बाटली एकाच हातात आहेत. पिल्लाला जबाब देणं सोपं होतं. झाडावरच्या आईने काही विचारलं नाही, ती दिसली आणि पडली. वॉलेसचा मोठेपणा, आणि आमच्या मते या पुस्तकाचं खरं साहित्यिक मूल्य, हे की तो दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात, एकाच आवाजात सांगतो. बंदूक पुसून टाकत नाही. आजच्या जबाबदार प्रवासाच्या लिखाणात मात्र पिल्लाचं प्रकरण ठेवलेलं असतं आणि बंदुकीची पानं फाडलेली असतात.

सबाहमधलं सेपिलोक बघा. सांडाकान शहराजवळ १९६४ साली सुरू झालेलं हे ओरांगउटानच्या पुनर्वसनाचं केंद्र, सुमारे ४३०० हेक्टरच्या राखीव जंगलाला लागून. पोरकी पिल्लं इथे आणतात, चढायला, खायला शिकवतात, जंगलात सोडतात. खाऊ घालण्याच्या मचाणावर मुद्दाम तेच ते कंटाळवाणं खाणं ठेवतात, म्हणजे प्राणी स्वतः फळं शोधायला जाईल. काम चांगलं आहे, आमची त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार प्रेक्षकाच्या मनात काय घडतं त्याबद्दल आहे. तिकीट काढून, पिल्लू बघून, डोळे पुसून माणूस बाहेर पडतो तेव्हा त्याला वाटतं की आपण वाचवणाऱ्यांच्या बाजूचे. ओरांगउटानच्या मादीला दोन पिल्लांमध्ये सात-आठ वर्षांचं अंतर लागतं. पिल्लू एकटं सापडलं म्हणजे बहुतेक वेळा आई मेलेली असते. ती कशी मेली हे त्या दिवसाच्या कार्यक्रमात बसत नाही.

सुमात्रातल्या बुकिट लावांगची गोष्ट याहून अवघड. तिथेही १९७३ मध्ये असंच केंद्र निघालं. पुढे ते मिटलं, पण माणसाळलेले ओरांगउटान जंगलाच्या कडेला राहिले. दहा मीटर दूर राहा, खायला देऊ नका, असे नियम आहेत. तरी फळाचं आमिष दाखवून त्यांना खाली आणलं जातं, कारण फोटो हवा असतो. आपली सर्दी-खोकला त्यांना होऊ शकतो आणि जिवावर बेतू शकतो. तिथली एक मादी माणसांवर धावून जाण्यासाठी प्रसिद्ध झाली. तिचं नाव ‘मीना’. प्रवासी हसत हसत तिच्या गोष्टी सांगतात. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही. आधी पिंजरा, मग केळी, आणि शेवटी बदनामी.

आता किनाबातांगान. ५६० किलोमीटर लांबीची ही सबाहमधली सर्वांत मोठी नदी. सुकाऊ गावातून सकाळ-संध्याकाळ होड्या निघतात. लांबनाक्या माकडांचे कळप संध्याकाळी काठावरच्या झाडांवर झोपायला येतात, ती त्यांची मूळचीच सवय. धनेश दिसतात, नशीब असेल तर बोर्निओचे छोटे हत्ती आणि ओरांगउटानही. प्रवासी म्हणतो, काय समृद्ध जंगल! पण बोर्निओचं अस्सल वर्षावन असं सहज दाखवत नाही. तिथला बराचसा जीव तीस-चाळीस मीटर वर, पानांच्या छतात. खाली तुम्ही, जळवा आणि ओला अंधार. ताडोबात जिप्सीत बसून वाघाची वाट बघणाऱ्या आपल्या डोळ्यांना तर तिथे दिवसभरात काहीच हाती लागणार नाही. मग किनाबातांगानला इतकं कसं दिसतं? कारण काठालगतची जंगलाची चिंचोळी पट्टी संपली की मागे पामच्या बागा सुरू होतात. २००५ साली इथे अभयारण्य जाहीर झालं, ते सुमारे २६००० हेक्टरचं आणि तुकड्यातुकड्यांचं. हत्ती आणि ओरांगउटान त्या पट्टीत दाटीने उरले आहेत. आपल्याला जे दर्शन घडतं त्यातला मोठा भाग विध्वंसाने घडवलेला आहे. माहितीपत्रकात याला ‘वन्यजीव पाहण्याची उत्तम संधी’ म्हणतात.

आणि ही बंदूक कुणाच्या हातात आहे? आमच्या पिढीला रेशनच्या दुकानातलं पामोलिन आठवत असेल. रांगेत उभं राहून डबा भरून आणायचो. आज जगात सर्वांत जास्त पामतेल आयात करणारा देश भारत आहे, आणि ते मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून येतं. बिस्किटात, फरसाणात, साबणात ते आहे. सुकाऊच्या होडीत चहाबरोबर जे बिस्किट पुढे येतं त्यातही बहुधा असेल. होडीतला माणूस आणि बागेतला माणूस यांना जोडणारा धागा हा, आणि जबाबदारीच्या जाहिरातीत नेमका तोच नसतो.

यावर अर्थशास्त्राची मंडळी म्हणतील, प्रोफेसर, प्रवासी आले नाहीत तर उरलेली पट्टीसुद्धा जाईल. हा आक्षेप खरा आहे, तो झटकता येत नाही. बातू पुतेह गावच्या लोकांनी स्वतःची सहकारी संस्था काढली आहे. पाहुणे त्यांच्या घरात राहतात आणि पडीक पट्ट्यात झाडं लावायला जातात. तिथे पैसा गावात राहतो, आणि पाहुण्याला तुटलेलं जंगलही दाखवलं जातं. मात्र या कमाईला मर्यादा आहे. ती नदीकाठ राखू शकेल, मागे गेलेलं जंगल परत आणणार नाही.

वॉलेसकडे परत येऊ. १८५७ मध्ये आरू बेटांवर त्याच्या हाती किंग बर्ड ऑफ पॅरडाइज आला, तेव्हा त्याच्या मनात एक विचार आला. इतकं सौंदर्य पिढ्यान्‌पिढ्या या रानात कुणी न बघता उमलून गेलं. आणि सुधारलेला माणूस इथे पोचला की त्याच्या येण्यानेच ते नाहीसं होईल. म्हणजे ही सृष्टी माणसासाठी केलेली नाही. एकोणिसाव्या शतकात हे म्हणणं लहान गोष्ट नव्हती. त्यात एक खोट मात्र आहे. ‘कुणी न बघता’ म्हणताना तो आरूच्या लोकांना मोजतच नाही. हे पक्षी कुठल्या झाडावर नाचायला येतात हे त्यांना ठाऊक होतं. सौंदर्य कळतं ते फक्त सुधारलेल्या माणसाला, हा त्याच्या काळाचा गर्व. आजच्या जबाबदार प्रवाशातही तो थोडा शिल्लक आहे. गावकरी ‘गाइड’ होतो, बघणारे आपण.

त्या विचाराचा पहिला अर्धा भाग मात्र आम्हाला आजही उपयोगाचा वाटतो, आणि तो अगदी व्यवहारात उतरवता येतो. सहल ठरवताना विचारा की काहीच दिसलं नाही तर चालेल का. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणार का? रात्री झोपलेल्या प्राण्यावर दिवा मारणार का? आणि मागच्या बागा दाखवणार का? चालक नाही म्हणाला तर त्याच्याशी भांडू नका; तुम्ही दर्शनाची हमी मागता म्हणून तो हमी विकतो.

किनाबातांगानच्या उपनद्यांवर ठिकठिकाणी दोर बांधलेले दिसतात. काही तर अग्निशमन दलाच्या जुन्या नळ्यांचे आहेत. काठावरची मोठी झाडं तुटल्यामुळे पलीकडची फांदी पोचत नाही, ओरांगउटानला पोहता येत नाही, म्हणून तिथल्या संशोधकांनी आणि गावकऱ्यांनी हे पूल केले. पहिला पूल बांधल्यावर ओरांगउटान त्यावरून जाताना फोटोत सापडायला काही वर्षं लागली. होड्या त्याखालून रोज जातात. वर बहुतेक वेळा कुणी नसतं.

बरं, इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेतल्या बाईंनी मघापासून हात वर केला आहे.