रघूजी भोसल्यांची फिरंग : लेख किती सांगतो?

नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यांतील एक तरवार एप्रिल २०२५ मध्यें लंडन येथें लिलावास निघाली. महाराष्ट्र सरकारनें सुमारें ४७ लक्ष रुपये खर्चून ती मिळविली व ऑगस्ट २०२५ मध्यें ती मुंबईस आली. या कार्याबद्दल सरकार अभिनंदनास पात्र आहे. तथापि ती पहिल्या रघूजींची (मृत्यु १७५५) असल्याचें जें प्रसिद्ध झालें, त्याची छाननी होणें अवश्य आहे.

पातें सरळ, एकधारी व युरोपांत घडलेलें आहे. मुठीवर सोन्याची कोफ्तगरी आहे. पात्यावर देवनागरींत रघोजी भोसले हें नांव, सेनासाहेबसुभा हा किताब व 'फिरंग' हा शब्द आहे. मराठ्यांचीं शस्त्रें बहुधा नांवाविनाच सांपडतात. म्हणून हा लेख मोलाचा होय. परंतु त्यांत शक नाहीं कीं सन नाहीं. आणि त्याच नांवाचा व त्याच किताबाचा दुसरा पुरुष या घराण्यांत झाला आहे. जालना जिल्ह्यांतील असई येथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंद्यांबरोबर जे रघूजी होते, ते पहिल्या रघूजींचे नातू. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगांवच्या तहांत त्यांसही सेनासाहेबसुभाच म्हटलें आहे. तेव्हां तरवार आजोबांची नव्हे असें आम्ही म्हणत नाहीं. केवळ लेखावरून तें सिद्ध होत नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें.

या कामीं जपानी परीक्षकांची रीत अनुकरणीय वाटते. तेथें खुंटी काढली कीं मूठ सुटते व आंत दडलेल्या भागावर कारागिराचें नांव दिसतें. तरी ते नांवावर विसंबत नाहींत. कारण नामांकितांचीं खोटीं नांवें कोरण्याची चाल तेथें जुनी आहे. पात्याचा घाट, पोलादाचा पोत, धारेची रेषा व दडलेल्या भागावरील गंज हीं नांवाशीं जुळतात कीं नाहीं, तें ते पाहतात. तो गंज ते घासून काढीत नाहींत. तोच वयाचा साक्षी. आपल्याकडे मूठ लाखेसारख्या द्रव्यानें पक्की बसविलेली असते. शिवाय पातें एका काळचें, मूठ दुसऱ्या काळची व लेख तिसऱ्या काळचा, असेंही घडतें. म्हणून तिहींची परीक्षा स्वतंत्र व्हावी, व लेखाचें वळण दोन्ही रघूजींच्या काळच्या कोरीव अक्षरांशीं ताडून पहावें.

सीताबर्डीच्या लढाईनंतर (१८१७) ही तरवार लुटींत गेली, हेंही तूर्त अनुमानच. लूट, नजराणा व विक्री या तिन्ही वाटा मोकळ्या आहेत. एखादी जामदारखान्याची यादी मिळाली तरच निर्णय होईल.

असईच्या आसपास ज्यांच्या घरीं जुनीं शस्त्रें असतील त्यांस आमची विनंति कीं, तीं घासून चकचकीत करूं नयेत, नवी मूठ बसवूं नये, व त्यांसंबंधीं घरांत असलेला कागद, मग तो कितीही जीर्ण असो, शस्त्रापासून वेगळा करूं नये.