कला आणि वाणसामान

चित्रप्रदर्शनांत पाऊल टाकतांच आपला आवाज आपोआप खालीं येतो, आणि दुकानांत शिरतांच तो चढतो. पहिल्या ठिकाणीं किंमत विचारण्याचा संकोच वाटतो, दुसऱ्या ठिकाणीं ती न विचारणारा वेडा ठरतो. या दोन संवयींमधील अंतर पुसून टाकण्याचा एक धाडसी खटाटोप १९६४ च्या ऑक्टोबर महिन्यांत न्यूयॉर्क शहरीं झाला. पॉल बियांचिनी यांच्या चित्रशाळेंत 'द अमेरिकन सुपरमार्केट' या नांवाचें जें सामुदायिक प्रदर्शन भरलें, तें सर्वस्वीं वाणसामानाच्या दुकानासारखें सजविलेलें होतें. फळ्यांवर डबे रचलेले, फळें, अंडीं, मांस यांचीं निरनिराळीं दालनें, आणि वर विजेच्या झगमगत्या पाट्या! मेरी इनमन यांनीं मेणाचे खाद्यपदार्थ केले होते. रॉबर्ट वॉट्स यांनीं क्रोमियमचा मुलामा चढविलेलीं अंडीं मांडलीं होतीं. कागदी पिशव्यांवरसुद्धां अँडी वॉरहॉल व रॉय लिक्टेनस्टाइन यांचीं चित्रें छापलेलीं होतीं.

हा सारा पोरखेळ आहे, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. प्रस्तुत लेखकाचेंहि या प्रदर्शनाचीं छायाचित्रें पाहतांना प्रथम तेंच मत झालें होतें. परंतु थट्टेंतहि जेव्हां कांहीं वर्म सांपडतें, तेव्हां तिचा विचार गंभीरपणें करावा लागतो. हें वर्म कोणतें, तें पाहण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

पूर्वीच्या किराणा दुकानांत गिऱ्हाईक आणि माल यांच्यामध्यें दुकानदार उभा असे. कोणता चहा चांगला, कोणतें पीठ ताजें, हें तो सांगे, आणि त्याच्या शब्दावर व्यवहार चाले. १९१६ सालीं अमेरिकेंतील मेंफिस गांवीं क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनीं 'पिगली विगली' नांवाचें दुकान काढून गिऱ्हाइकानें आपल्या हातानें माल उचलावा, अशी रीत पाडली. तेथून मधला माणूस हळूहळू नाहींसा झाला. मग शिफारस कोणीं करावयाची? ती डब्यावरच्या कागदानें केली. रंग, अक्षर आणि छाप हींच दुकानदाराच्या जागीं बोलूं लागलीं. माणसावरचा विश्वास खुणेवर गेला. या कलावंतांना डब्यांचें आणि वेष्टनांचें इतकें आकर्षण कां वाटावें, याचें उत्तर येथें आहे. कारण चित्राच्या कोपऱ्यांतील सही हीसुद्धां शेवटीं एक छापच नव्हे काय?

हाच प्रश्न वॉरहॉल यांनीं अत्यंत निष्ठुरपणें विचारला. १९६२ सालीं त्यांनीं लॉस एंजेलिस येथें कॅम्बेल सूपच्या डब्यांचीं बत्तीस चित्रें मांडलीं, तेव्हां शेजारच्या एका चित्रविक्रेत्यानें खरेखुरे डबे खिडकींत रचून त्यांचा उपहास केला होता. दोन वर्षांनीं वॉरहॉल यांनीं तो उपहासच उचलला. बियांचिनी यांच्या दुकानांत त्यांनीं खरे सूपचे डबे रचले, त्यांवर फक्त आपली सही केली, आणि एकेक डबा सुमारें साडेसहा डॉलरांना विक्रीस ठेवला. त्याच डब्याच्या चित्राची किंमत मात्र १५०० डॉलर होती. आंतलें सूप तेंच, डबा तोच. वाढलें तें केवळ नांव. गिऱ्हाईक नेमकें कशाचे पैसे मोजतें, हें इतक्या थोडक्यांत क्वचितच कोणीं दाखविलें असेल.

तथापि, उघडें पाडणें म्हणजे घडविणें नव्हे. जॅस्पर जॉन्स यांनीं १९६० सालीं बिअरचे दोन डबे काशांत ओतून वरून हातानें रंगविले. एका चित्रविक्रेत्याला बिअरचे डबे दिले तरी तो विकून दाखवील, असें विलेम डी कूनिंग यांनीं म्हटल्याची गोष्ट त्यांच्या कानीं आली होती. त्या थट्टेंतून हें काम निघालें. परंतु जवळ जाऊन पाहिलें तर अक्षरें किंचित् डळमळतात, कुंचल्याचा फिरलेला हात दिसतो. येथें थट्टा संपते आणि पाहणें सुरू होतें. सही केलेला डबा एकदां समजला कीं संपला. रंगविलेला डबा पुन्हां पुन्हां पाहवतो. माझ्या मतें हाच या साऱ्या मालाचा खरा तराजू आहे.

आणि त्या तराजूंत प्रदर्शनाचा दोषहि दिसून येतो. दुकानाची फळी, पाटी, पिशवी यांचें अनुकरण तेथें झालें. शेजार मात्र आला नाहीं. मॅनहॅटनच्या श्रीमंत वस्तींतील त्या दुकानांत भुकेला कोणी जाणार नव्हता. याच्या उलट, क्लेस ओल्डनबर्ग यांनीं १९६१ च्या डिसेंबरांत शहराच्या गरीब पूर्व भागांत खरोखरीचा गाळा भाड्यानें घेऊन 'द स्टोअर' थाटलें होतें. तारेच्या जाळीवर प्लॅस्टरमध्यें भिजविलेलें कापड बसवून आणि त्यावर चकचकीत रंगाचे ओघळ सोडून त्यांनीं केक, सदरे, जोडे केले. मागल्या बाजूस माल बनवावा, पुढें विकावा, असा त्यांचा क्रम होता. तीं खाद्यें ओबडधोबड आहेत, पण त्यांत त्या रस्त्याची भूक आणि हांव उतरली आहे. बियांचिनी यांच्या दुकानांतील चकचकीत अंडीं त्यांच्यापुढें फार शहाणीं वाटतात.

असें असूनहि १९६४ चें तें प्रदर्शन व्यर्थ गेलें, असें मला म्हणवत नाहीं. चित्रशाळा ही आधींपासूनच दुकान होती. तिनें तें एकदां तरी उघड कबूल केलें, हा तिचा प्रामाणिकपणा मोठा आहे. आपल्या बैठकींत टांगण्यासाठीं चित्र निवडतांना आपण प्रथम भिंतीकडे पाहतों, कीं कोपऱ्यांतल्या सहीकडे? ज्याला या प्रश्नानें किंचित् अस्वस्थ केलें, त्याला त्या दुकानांतून कांहींतरी घेऊन बाहेर पडतां आलें, असें समजावें.