अंकुरास पाणी

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ दररोज टिपली व ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला मूकपट सिद्ध केला. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी भांडवल पुरविले आणि १९१३ त ‘राजा हरिश्चंद्र’ अवतरला. शास्त्राने पुराणकथेस द्रव्य मिळवून दिले. त्या ऋणाची फेड मात्र आमच्या चित्रसृष्टीने फारशी केलेली नाही.

गडचिरोलीचेच उदाहरण घ्यावे. हेमलकशाच्या सेवाकार्यावरील ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ (२०१४) हा चित्रपट त्यागाचे दर्शन घडवितो. ते उचितच होय. परंतु त्याच जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांकरवी नवजात अर्भकांवर घरीच उपचार करविले, इतर गावांशी तुलना केली, आणि मृत्यू घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये सप्रमाण मांडले. ही कथा निराळ्या जातीची आहे. तीत चमत्कार नाही; शंका, मोजणी व प्रतीक्षा आहे. असली कथा रंगविण्यास लेखकास अभ्यासाची सवड हवी, आणि ती स्वतंत्र निर्मात्याच्या खिशास परवडत नाही. अमेरिकेतील स्लोन प्रतिष्ठान विज्ञानपटांस पटकथेच्या अवस्थेतच साहाय्य देते, ते म्हणूनच अनुकरणीय वाटते. तयार चित्रपटास पारितोषिक अवश्य द्यावे. पण पाणी अंकुरास लागते, फळास नव्हे.