यंत्राच्या आवाजातले जी. ए.

जी. ए. कुलकर्णींची कथा मनात वाचावी की मोठ्याने, यावर आमच्या वाचक मंडळात पूर्वी एकदा चांगलाच वाद रंगला होता. मी 'मोठ्याने'च्या बाजूचा. बेळगाव जिल्ह्यात जन्मलेला, धारवाडला वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवलेला हा लेखक आपल्याच मातीतला. त्याचे गद्य कानावर पडलेच पाहिजे, आणि तेही कसलेल्या वाचकाच्या तोंडून, असे माझे ठाम मत होते. ते मत यंदा एका माजी विद्यार्थिनीने मोडीत काढले.

ही मुलगी जन्मांध. घरी मराठी, शेजारी कन्नड. ब्रेल तिला दोन्ही भाषांचे येते, आणि त्यात एक गंमत आहे. 1951 साली ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये मराठीतला 'क' आणि कन्नडमधला 'क' यांचे ठिपके एकच, 'ळ'चेही तसेच. आपल्याकडे पाट्यांवरच्या लिप्यांवरून काय काय झाले ते वाचकांना सांगायला नको. तिच्या बोटाखाली तो प्रश्न कधी आलाच नाही. पण ब्रेलमधली मराठी पुस्तके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच तिला मिळाली. कॉलेजात गेल्यावर मात्र ती संगणकावर वाचू लागली.

तिच्याकडे एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर आहे. पडद्यावरचा मजकूर आवाजात सांगणारा हा प्रोग्रॅम 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने सुरू केला आणि तो फुकट मिळतो. 'काजळमाया' तिने भावाकडून स्कॅन करून घेतली, चित्राचा मजकूर करून घेतला आणि ऐकली. (असे करणे गैर नाही. 2012 च्या दुरुस्तीपासून आपल्या कॉपीराइट कायद्याने अपंग वाचकांसाठी ही मुभा दिली आहे.)

मी विचारले, "अगं, त्या पत्र्याच्या डब्यातून आल्यासारख्या आवाजात जी. ए. सोसवतात कसे तुला?"

ती म्हणाली, "सर, माणसाच्या आवाजात नाही सोसवत. वाचणारा आधीच गलबलून जातो, मग माझ्यासाठी काय उरतं?"

हे उत्तर टीकाकाराचे होते. मी दिवाणखान्यात बसून तिच्या संगणकावर दोन पाने डोळे मिटून ऐकली. पहिली पाच मिनिटे केवळ छळ. आवाजाला चढ-उतार नाही. स्मशानाचे वर्णन आणि चहाचे वर्णन एकाच सुरात. त्यातून यंत्राला 'जग' हा शब्द दिला तर दुनिया की जगण्याची आज्ञा हे त्याला कळत नाही, कारण आपल्या लिपीत दोन्ही 'ज' सारखेच. चुकून हिंदी आवाज निवडला गेला तर 'ज्ञान'चे 'ग्यान' होते. स्कॅनिंगमध्ये 'घर'चे 'धर' झाले होते, तेही तो निर्विकारपणे वाचत होता.

पण सहाव्या-सातव्या मिनिटाला काही तरी बदलले. आवाज विरून गेला आणि वाक्ये उरली. जी. एं.च्या उपमा एकामागून एक येतात. अभिवाचक तिथे थांबतो, सूर खाली नेतो, श्रोत्याला वजन जाणवून देतो. इथे ते काम वाक्यालाच करावे लागत होते. बहुतेक ठिकाणी वाक्याने ते केले. दोन-तीन ठिकाणी केले नाही: तिसरी उपमा दुसरीच्या अंगावर चढून बसली होती. इतकी वर्षे जी. ए. वाचून मला ती दिसली नव्हती, कारण माझ्या मनातला अभिवाचक मला ती झाकून दाखवत होता.

आणखी एक गोष्ट तिने दाखवली. ध्वनिफितीतले पुस्तक आपल्याला वाचून दाखवले जाते. स्क्रीन रीडरने मात्र ती स्वतः वाचते. वेग ती ठरवते (तिच्या वेगात मला एक अक्षर कळले नाही), बाणाची कळ दाबून एका शब्दापाशी परत येते, तो अक्षर-अक्षर तपासते. तिचे ऱ्हस्व-दीर्घ माझ्या दहावीच्या वर्गातल्या डोळस मुलांपेक्षा बरे आहे. ऐकणे म्हणजे दुय्यम वाचन, असे मानणाऱ्या आम्हा मास्तरांना हे अवघड जाईल.

मग मी उत्साहाने तिला माझा एक जुना समीक्षालेख ऐकवायला सांगितले. तो याच प्रकारच्या एका दिवाळी अंकात आला होता आणि त्याची पीडीएफ माझ्याकडे होती. यंत्राने वाचायला सुरुवात केली ती इंग्रजी अक्षरे, आकडे, टक्क्याची खूण अशी. मला वाटले संगणक बिघडला. ती हसली. "सर, जुना फॉण्ट आहे." म्हणजे असे की, आपल्या कित्येक छापखान्यांत अजूनही असे फॉण्ट वापरतात ज्यांत मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असतात. डोळ्याला 'क' दिसतो. यंत्राच्या लेखी तिथे भलतेच इंग्रजी अक्षर असते. देवनागरीला युनिकोडमध्ये स्वतःची जागा 1991 पासून आहे. तरी आम्ही माय मराठीवर अग्रलेख लिहायचे आणि ते इंग्रजी मुखवट्याखाली छापायचे! काही अंकांची पाने तर नुसती छायाचित्रे असतात. तिथे यंत्र गप्पच बसते.

लेख मी पुन्हा युनिकोडमध्ये टाइप केला आणि तिच्या यंत्राकडून ऐकला. एका वाक्यात तीन कंस, दोन अवतरणे आणि शेवटी कुठे तरी क्रियापद. जी. ए. त्या आवाजातून तरले होते, मी तरलो नाही. तिने सौजन्याने काही म्हटले नाही. मी ते वाक्य चार वाक्यांत तोडले.

प्रस्तुत लेखाची युनिकोड प्रत मी संपादकांना छपाईच्या प्रतीबरोबर दिली आहे आणि अंक निघेल त्याच दिवशी ती तिच्याकडे पाठवावी, अशी अट घातली आहे. त्यांनी मान्य केले. बाकीच्या लेखांचे, कथा-कवितांचे काय, असे विचारले तेव्हा म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू, सर." वर्गणी ती यंदाचीच भरते आहे, हे मी त्यांना सांगून आलो.