रस, आसव आणि दारू

19 जानेवारी 2025 च्या रविवारी मिस्सेत काना गावच्या लग्नाचे वाचन होते. मिस्सा आटोपल्यावर धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलाने आम्हांस विचारले, "फादर, रस पिऊन पाहुणे झिंगतात कसे?" प्रश्न बिनतोड होता. रूढ मराठी भाषांतरांत जो 'द्राक्षारस' आहे, तो शब्दशः द्राक्षांचा रसच. मूळ ग्रीक शब्द 'ओइनोस' मात्र आंबलेल्या, चढणाऱ्या पेयाचा आहे, आणि भोजनकारभाऱ्याच्या बोलण्यात पाहुण्यांच्या धुंदीचा स्पष्ट उल्लेख आहे. सहा दगडी रांजणांत मिळून पाचशे ते सातशे लिटर पेय झाले असावे. एवढा मोठा प्रसंग आमच्या भाषेत सरबतासारखा सौम्य होऊन बसतो.

त्याच सकाळी धर्मग्रामाच्या सभागृहात घरच्या जांभळाच्या वाइनची बाटली मांडली होती. आम्ही प्रवचनात तिचे कौतुकही करून बसलो होतो. आमच्या काही कुटुंबांत ही नाताळची जुनी हौस आहे. मे महिन्यात डोंगरची करवंदे, जूनमध्ये जांभळे, परसात झाड असल्यास तुती. फळे धुऊन, कोरडी करून, चुरगाळून चिनी मातीच्या बरणीत घालायची. साखर, उकळून गार केलेले पाणी, चिमूटभर यीस्ट, चार लवंगा, कोणी मूठभर गहूही घालतो. रोज एकदा लाकडी पळीने ढवळायचे. तोंड घट्ट बंद करायचे नाही, कारण साखरेचा मद्यार्क होताना जो वायू सुटतो तो वाट शोधतो. बहुतेक घरांत एकविसाव्या दिवशी मलमलीच्या फडक्यातून गाळतात. करवंदाचा चीक आणि जांभळाचा तुरटपणा मुरायला मात्र महिने लागतात. घाई करणाऱ्याची जीभ जड होते.

बाटलीवरच्या चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिले होते : 'जांभूळ रस'. ज्यांच्या नवऱ्याला हातभट्टीने नेले अशा एक बाई ती चिठ्ठी वाचून आमच्याकडे वळल्या. "फादर, रस म्हटलं की वास बदलतो का?" आम्हांजवळ उत्तर नव्हते. त्यांच्या धाकट्या मुलाने कुठल्याशा पेल्यातून दोन घोट घेतले होते.

दोष केवळ भाषांतरकारांचा म्हणता येणार नाही. मराठी वाङ्मयाने या विषयात दोनच घरे बांधली. एकीकडे वेदीवरचा निर्मळ 'रस', दुसरीकडे 1919 मध्ये रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तली संहारक 'दारू'. त्या नाटकातील तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ हास्यास्पद आहे. सुधाकर-सिंधूचा संसार मात्र अजूनही आमच्या वस्त्यांत रोज मोडतो, म्हणून नाटक खोटे ठरवण्याची आमची छाती नाही. पण त्याचा धाक एवढा जबर बसला की मेजावरच्या लहान पेल्याला मराठीत नावच उरले नाही. मग आपण इंग्रजी 'वाइन' म्हणतो, नाहीतर 'रस' म्हणून लपवतो. लपवणे हे आम्हांस पिण्याहून अधिक घातक वाटते.

वास्तविक शब्द घरातच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौऱ्याऐंशी आसवांची गणना आहे. त्यांतील फळांच्या यादीत द्राक्ष पहिले, पुढे जांभूळ आणि बोरही येते. पुढील परिभाषेत कच्च्या द्रव्यांपासून आंबवलेले ते आसव, काढा करून आंबवलेले ते अरिष्ट, असा भेद रूढ झाला. औषधाच्या दुकानातून द्राक्षासव आणणाऱ्या आजीला त्यात मद्यार्क असतो हे ठाऊक असते, आणि म्हणूनच ती चमच्याने मोजून घेते. जे 'रस' या शब्दात नाही, ते प्रमाणाचे भान 'आसव' या शब्दात आहे.

ख्रिस्तसभा तर या बाबतीत काटेकोर आहे. 1983 च्या धर्मसंहितेनुसार मिस्सेसाठी द्राक्षवेलीच्या फळाचेच, नैसर्गिक आणि न बिघडलेले पेय लागते. जांभूळ वेदीवर चालत नाही. मद्य वर्ज्य असलेल्या धर्मगुरूंसाठी 2003 च्या रोमच्या परिपत्रकाने अनुज्ञेने 'मुस्तुम' चालेल असे स्पष्ट केले. तोही आंबण्याच्या प्रक्रियेत रोखलेला द्राक्षरस. म्हणजे खुद्द वेदीवरचे पेयही आपण म्हणतो तितके 'रस' नाही.

राज्याचा कायदा वेगळ्या कारणाने निष्ठुर आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्यान्वये अनुज्ञप्तीवाचून मद्य तयार करणे गुन्हा आहे, आणि घरची बरणी त्याला अपवाद नाही. केरळने 2022 मध्ये स्थानिक फळांपासून लहान प्रमाणावर वाइन करण्यासाठी परवान्याचे नियम केले. आमचे छत्रपती संभाजीनगर बिअरच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठाला मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश द्यावा लागला होता. बरणीला बंदी आणि कारखान्याला परवाना, यातली विसंगती आम्हांस बोचते. तरी कायदा मोडून केलेली वस्तू सभागृहात मांडून तिच्यावर प्रवचन देणे ही आमचीच चूक होती. पुढच्या रविवारी तसे वेदीवरून सांगितले.

आता धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही काना गावचा प्रसंग सांगताना 'द्राक्षासव' म्हणतो. परवा त्याच मुलाने विचारले, मग आपण पाठ केलेला शब्द चुकीचा का? त्या बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. "चुकीचा नाही रे," त्या म्हणाल्या, "अर्धा आहे."