‘ओरिएंट एक्स्प्रेस’च्या आधीची गाडी

अगाथा ख्रिस्तीची ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ ही १९३४ सालची कादंबरी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलेली असते, निदान तिच्यावरचा सिनेमा तरी पाहिलेला असतो. बर्फात अडकलेली गाडी, डब्यातलं प्रेत, मिशीवाला पॉयरो हे सगळ्यांना आठवतं. पण ही कादंबरी ओरिएंट एक्स्प्रेसमध्ये सुरूच होत नाही. ती सुरू होते सीरियातल्या अलेप्पो स्टेशनवर, हिवाळ्यातल्या एका पहाटे. फलाटावर उभी असते ‘टॉरस एक्स्प्रेस’.

मला बोलायचंय ते या पहिल्या प्रकरणाबद्दल. (खुनी कोण हे फोडणार नाही, निर्धास्त वाचा.) खून अजून लांब असल्यामुळे बरेच वाचक हे प्रकरण घाईघाईने उरकतात. माझं म्हणणं असं, की पुस्तकाबाहेरचं जग सगळ्यात जास्त आत शिरलंय ते इथेच. आणि सिनेमावाल्यांनी नेमकं तेच कापलं.

या गाडीत मेरी डेबनम नावाची तरुणी आहे. ती बगदादहून निघालीय आणि प्रवासात तिला धड झोप लागलेली नाही. बगदाद ते किर्कुक रेल्वे, मोसुलला रेस्ट हाउसमध्ये मुक्काम, मग पुन्हा रेल्वे. ख्रिस्ती हे चटकन सांगून पुढे सरकते. पण मॅप उघडून हा मार्ग बोटाने काढून बघा. किर्कुकपासून तुर्कस्तानच्या हद्दीवरच्या नुसैबिनपर्यंत रूळच नव्हते. मधला पल्ला मोटारीने कापावा लागे.

रूळ मध्येच का तुटले?

१९०३ साली ऑटोमन सुलतान दुसरा अब्दुल हमीद याने कोन्यापासून बगदादमार्गे बसऱ्यापर्यंत रेल्वे बांधायचा परवाना जर्मन कंपनीला दिला. पैसा उभा करणारी होती डॉइश बँक. सुलतानाला दूरच्या प्रांतांत सैन्य झटपट पोचवायचं होतं, जर्मनीला बाजारपेठ हवी होती. यातली अट बघण्यासारखी आहे. दर किलोमीटरमागे ठरावीक उत्पन्नाची हमी सुलतानाच्या सरकारने द्यायची. गाड्या रिकाम्या धावल्या तरी कंपनीला चिंता नाही, तूट भरायची ती शेतकऱ्यांकडून येणाऱ्या करातून. आजकाल मोठ्या देशांनी लहान देशांत बांधलेल्या रेल्वेच्या बातम्या वाचताना मला हा जुना करार हटकून आठवतो.

ब्रिटिशांची धास्ती वेगळी होती. बर्लिनहून निघालेली गाडी पर्शियन आखाताला पोचली, तर पुढे हिंदुस्थान. १८९९ मध्येच त्यांनी कुवेतच्या शेख मुबारकशी गुप्त करार केला होता: आम्हाला विचारल्याशिवाय तुझी जमीन दुसऱ्या कुठल्या सत्तेला द्यायची नाही. रेल्वेचं आखातावरचं टोक असं परवान्याच्या आधीच अडलं. रशियानेही १९०० मध्ये सुलतानाकडून काळ्या समुद्राकडच्या भागातले रेल्वेचे हक्क स्वतःसाठी राखून घेतले.

मग दहाएक वर्षं घासाघीस चालली. १९११ मध्ये रशियाशी मिटलं, फेब्रुवारी १९१४ मध्ये फ्रान्सशी. जून १९१४ मध्ये ब्रिटिश आणि जर्मन मुत्सद्द्यांनी मसुद्यावर आद्याक्षरं केली: रेल्वे बसऱ्याला थांबेल, त्यापुढे ब्रिटनच्या संमतीशिवाय जाणार नाही. दोन आठवड्यांनी सारायेवोत गोळ्या झाडल्या गेल्या. ‘बगदाद रेल्वेमुळे पहिलं महायुद्ध पेटलं’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. भांडण जवळपास मिटलं होतं. पण मिटवणारे होते लंडन आणि बर्लिनचे, आणि युद्ध सुरू होताच त्या कागदाला किंमत उरली नाही.

युद्धानंतर तुर्कस्तान, फ्रेंचांच्या ताब्यातला सीरिया आणि ब्रिटिशांचा इराक अशा तीन सत्तांमध्ये ही रेल्वे वाटली गेली. ब्रिटिशांनी बगदादहून किर्कुककडे नेलेला मार्ग मीटर गेजचा, जर्मनांनी बांधलेला स्टँडर्ड गेजचा. मधला तुकडा भरून बगदाद ते इस्तंबूल सलग गाडी सुटली ती जुलै १९४० मध्ये. मेरी डेबनमची झोपमोड ही अशी तीस-चाळीस वर्षांच्या राजकारणाची देणगी आहे.

कर्नलसाहेबांची वाट

दुसरा प्रवासी कर्नल आर्बथनॉट. हा हिंदुस्थानातल्या नोकरीतून रजेवर इंग्लंडला निघालाय. बोटीने का गेला नाहीस, असं पॉयरो त्याला विचारतो, तेव्हा तो नीट उत्तर देत नाही. रहस्यकथा म्हणून हा छान संशयाचा धागा आहे. मला त्यात आणखी काही दिसतं. ज्या खुश्कीच्या मार्गाच्या भीतीने एकेकाळी कुवेतचा शेख बांधून घेतला गेला, त्या मार्गाने १९३४ मध्ये साहेब आरामात घरी जातोय. आणि तरीही हिंदुस्थानातून त्या वाटेने जाणं इतकं वेगळं, की गुप्तहेराने कारण विचारावं.

१९७४ च्या सिडनी लुमेटच्या सिनेमात गोष्ट थेट इस्तंबूलच्या फेरीबोटीवर येते. २०१७ मध्ये केनेथ ब्रानाने सुरुवात जेरुसलेमला केली, आणि आर्बथनॉटला तर डॉक्टरच करून टाकलं. दोन्हीकडे अलेप्पो नाही, टॉरस एक्स्प्रेस नाही. उरते एक झगमगीत गाडी, कुठूनही आलेली.

ख्रिस्तीला न दिसलेलं

पण कादंबरीला एवढं श्रेय दिल्यावर तिची मर्यादाही सांगायला हवी. तिच्यासाठी रूळ म्हणजे आधीपासून असलेली गोष्ट. ते कुणी टाकले, हा प्रश्न डब्याच्या काचेआत येत नाही.

१९१६ मध्ये अमानस डोंगरातल्या बोगद्यांवर राबणाऱ्या हजारो आर्मेनियनांना तिथून हाकलून देण्यात आलं, कित्येक मारले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इराकातल्या कूतला ब्रिटिश फौज शरण आली. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली, त्यांतली बहुतेक हिंदुस्थानी. ही सहावी पुणे डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा पलटणीही होत्या. या कैद्यांना याच रेल्वेच्या कामाला जुंपलं गेलं. हिंदुस्थानी कैद्यांचा मोठा तळ होता रास अल-ऐन इथे.

शिशिर सर्बाधिकारी हा बंगाली रुग्णसेवक त्यांच्यात होता. त्याने टिपणांची पानं फाडून बुटात दडवली आणि पुढे त्यांतून ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक लिहिलं. ख्रिस्तीच्या शेजारी ठेवायचं असेल तर मी हे पुस्तक ठेवीन. एकीकडे अलेप्पो म्हणजे गाडी पकडायची जागा, दुसरीकडे अलेप्पो म्हणजे कैदेतली वर्षं. कूतच्या मराठा शिपायांपैकी कुणाचं असं पुस्तक माझ्या वाचनात आलेलं नाही. तो तुटका तुकडा मला मोसुलच्या वाटेवरच्या तुकड्यापेक्षा जास्त टोचतो.

कादंबरी पुन्हा वाचणार असाल तर पहिलं प्रकरण सावकाश वाचा. मग मॅपवर रास अल-ऐन शोधा. १९२१ च्या करारात याच रेल्वेमार्गालाच तुर्कस्तान आणि सीरियाची सीमा ठरवलं गेलं. गावाचा उत्तरेकडचा भाग आता तुर्कस्तानात, नाव जेलानपिनार. दक्षिणेकडचा भाग सीरियात. मधोमध आपल्या लोकांच्या घामाचे रूळ.